तादेओचा गुडघा

उत्तराच्या बोटांना ते आधी कळलं. तादेओ फिजिओथेरपी क्लिनिकच्या टेबलावर उताणा पडून छतावरच्या पांढऱ्या चौकोनांकडे बघत होता. तिने एका हाताने त्याची उजवी मांडी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने नडगी स्वतःकडे ओढली, आणि नडगी जिथे टक्कन अडायला हवी होती तिथे अडली नाही. जुन्या टेबलाचा खण सरकावा तशी अलगद पुढे आली. आवाज झाला नाही. तादेओला फारसं दुखलंही नसावं. खिडकीच्या पट्ट्यांमधून एप्रिलचं टेक्सासचं ऊन आत येत होतं, बाहेर हायवेवर गाड्यांची एकसुरी घरघर चालू होती, पलीकडच्या टेबलावर एक म्हातारी बाई खांदा शेकत मासिक चाळत होती, आणि उत्तराच्या तळहातात ते सरकणं तसंच राहून गेलं. तिने पुन्हा ओढून पाहिलं. मग डावा गुडघा पाहिला. डावा अडला. हे सरकणं आपल्या ओळखीचं आहे हे तिला जाणवलं, आणि ते पूर्वी कुठल्या गुडघ्यात भेटलं होतं तेही लगेच आठवलं.

“बरा आहे ना, सेन्योरा?” तादेओने विचारलं. तो मेक्सिकोतल्या झाकातेकासकडचा, उत्तराच्या नवऱ्याच्या, अन्सेल्मोच्या टीममध्ये सगळ्यांत जास्त गोल करणारा. त्याच्या इंग्रजीपेक्षा उत्तराचं स्पॅनिश बरं होतं.

“सूज आहे,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. टीमचा डॉक्टरही एवढंच म्हणाला होता. “मी कोचशी बोलते.”

“कोच म्हणाले, शनिवारी तुम्ही पट्टी बांधलीत की झालं. म्हणाले, उत्तारासारखी पट्टी अख्ख्या टेक्सासात कोणी बांधत नाही.” तो हसला आणि टेबलावरून उतरताना डाव्या पायावर उतरला. शरीराला कळलेलं होतं. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ आली तेव्हा तिनेही सांगितलं नाही. तो लंगडत पार्किंग लॉटमध्ये गेला, गाडीत बसताना त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. एखादी वस्तू आत ठेवावी तसा. उत्तरा काचेतून बघत राहिली. आपण गप्प का बसलो? आपण नवऱ्याशी आधी बोलायचं म्हणून थांबलो, की नवऱ्याला जे ऐकायचं नाही ते आपल्यालाही बोलायचं नव्हतं?

घरी जाताना ती अर्व्हिंगचा एक्झिट चुकली आणि तशीच पुढे जात राहिली. सात वर्षांपूर्वी अन्सेल्मो असाच तिच्या टेबलावर येऊन पडला होता. तेव्हा ती डॅलसच्या एका हॉस्पिटलात नवी होती. ॲन आर्बरला राजीवदादाकडे राहून शिकलेली, तिथली थंडी हाडांत घेऊन टेक्सासच्या उन्हात आलेली. तो मैदानावरच्या मोठ्या लीगमध्ये बचावाच्या मधोमध, स्टॉपर म्हणून खेळायचा, रुंद खांद्यांचा, मिशीवाला, आणि त्याच्या गुडघ्यात आधार म्हणून काहीही उरलेलं नव्हतं. तो नुसत्या मांडीच्या जोरावर खेळत होता. ‘माझा गुडघा माझ्याशी बोलतो,’ तो म्हणाला होता, ‘पण इंग्रजीत नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना कळत नाही.’ त्याचं गाव ग्वादालाहाराच्या दक्षिणेला, साखर कारखान्याचं. गळीत सुरू झालं की सगळ्या गावावर मळीचा वास धरतो, जेवताना घासालाही तो लागतो, असं तो सांगायला लागला आणि उत्तरा त्याच्या पोटरीवरचा हात तसाच ठेवून थांबली. सांगलीत शाळेतून येताना तिच्या नाकात तोच वास भरलेला असे. जगात आणखी कुणाला त्या वासाची आठवण येत असेल असं तिला वाटलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा राजीवदादा फोनवर म्हणाला, “फुटबॉल खेळतो ते कळलं यार, पण करतो काय?” आणि इथल्या मंडळातल्या प्रतिमाकाकू म्हणाल्या, “दिसतो तर आपल्यासारखाच. मराठी शिकव म्हणजे झालं.” तो शिकला नाही. तो तिच्या नावातला मधला स्वर नको तिथे लांबवत राहिला, आणि तिला ते नाव स्वतःचंच पण थोडं उन्हात ठेवलेलं वाटत राहिलं.

त्या गुडघ्याची गोष्ट त्याने लग्नाआधी सांगितली होती, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, कागदी कपातली कॉफी पुढ्यात ठेवून. त्याच्या गावाच्या क्लबला वरच्या विभागात जायची संधी होती. एकच सामना उरला होता. आदल्या आठवड्यात त्याचा गुडघा आतून तुटला होता, पण तुटला आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. कोच चेमा, ज्यांना सगळं गाव आदराने ‘डॉन चेमा’ म्हणायचं, सामन्याआधी त्याच्याजवळ आले, त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, वडील धरतात तसं, आणि म्हणाले, मुला, आज माझ्यासाठी उभा राहा. मग सुई आली. गुडघा परक्याचा असावा तसा गार पडला. तो उभा राहिला, शेवटपर्यंत. लोकांनी त्याला खांद्यावरून कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलं, आणि औषध उतरलं तेव्हा तो त्या खांद्यांवरच ओरडायला लागला. लोकांना वाटलं, आनंदाने ओरडतोय. पुढच्या हंगामात क्लब वर गेला आणि अन्सेल्मो बाकावर. अमेरिकेतल्या लीगला त्याच्या गुडघ्याबद्दल ठाऊक नव्हतं म्हणून तो अमेरिकेत आला. इथे प्लास्टिकचं गवत, मध्यंतरात नाचणाऱ्या मुली, आणि ऑफसाइडचा नियम लोकांना लाउडस्पीकरवरून समजावून सांगणारा निवेदक. “म्हाताऱ्याने मला विकलं,” तो त्या दिवशी म्हणाला होता, आणि कॉफीच्या कपाची कड नखाने कुरतडत रडला होता. पुरुष इतक्या उघडपणे रडलेला उत्तराने पाहिला नव्हता. तिने लग्नाचं तेव्हाच ठरवलं असावं. निदान आज, चुकलेल्या एक्झिटनंतरच्या त्या लांबलचक सरळ रस्त्यावर, तिला तसं वाटत होतं.

टीम बंद पडली, मग लीगही बंद पडली. अन्सेल्मो चर्चच्या पोरांना शिकवायला लागला, मग कुणाचा तरी मदतनीस झाला, मग ह्या इनडोअर टीमचा कोच. आइस हॉकीच्या रिंकवर हिरवा गालिचा अंथरायचा, चारी बाजूंनी फळ्या उभ्या करायच्या, आणि दिवे, धूर, ढणढण संगीत यांच्यामध्ये सहासहा जणांनी फुटबॉल खेळायचा. खाली गालिचा, गालिच्याखाली काँक्रीट. त्याला हा प्रकार आवडत नव्हता. फुटबॉल फळीवर आपटून परत येतो हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पण तो कोच झाल्यावर घरात पुन्हा आवाज आला होता. टेबलावर मीठदाणी आणि लिंबं मांडून तो पाच वर्षांच्या दीपाला बचाव समजावून सांगायचा आणि ती “Papi, the lemon is offside!” म्हणून ओरडायची. आता ह्या वसंतात टीमचा मालक बुडत होता. तो तेलविहिरींवाला; तेलाचा भाव गडगडला तसा त्याचा चेहरा गडगडला. शनिवारचा सामना जिंकला तर पुढची फेरी टीव्हीवर, आणि कदाचित नवा मालक. हरलं तर दिवे विझवायचे आणि गालिचा गुंडाळायचा.

संध्याकाळी दीपा कार्टून बघत बसली तेव्हा उत्तराने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. अन्सेल्मो टोमॅटो चिरत होता.

“तादेओचा गुडघा गेलाय,” ती म्हणाली. “लिगामेंट तुटलंय. पूर्ण.”

त्याची सुरी थांबली नाही. “माहीत आहे मला.”

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. “काय माहीत आहे?”

“तो पडला तेव्हा मी आवाज ऐकला. तो आवाज मी ओळखणार नाही का, उत्तारा?”

“मग माझ्याकडे कशाला पाठवलंस?”

“पट्टीसाठी. तू बांधलीस तर चालेल. शेवटची दहा मिनिटं खेळवीन त्याला. नुसता समोर उभा राहिला तरी त्यांची दोन माणसं त्याच्यामागे धावतील.”

“तू त्याला सांगितलंयस?”

टोमॅटोचा रस ओट्यावरून ओघळत कडेला आला आणि खाली ठिबकायला लागला.

“अन्सेल्मो, तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू मला कँटीनमध्ये...”

“मला माहीत आहे मी काय म्हणालो होतो!” तो वळला. “इतकी वर्षं म्हाताऱ्याला शिव्या दिल्या मी. आणि आता रोज सकाळी उठल्यावर वाटतं, त्याने मला काय दिलं? एक दिवस दिला. माझ्या गावात अजून माझं नाव आहे. त्या दिवशी मी बसून राहिलो असतो तर कोण असतो मी? चांगल्या गुडघ्याचा उसाचा हमाल. टेक्सासला आलो असतो? तुझ्या टेबलावर येऊन पडलो असतो?” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “दीपा असती?”

दाराबाहेर कार्टूनमधलं काहीतरी आपटलं आणि दीपा खदखदून हसली. ह्या माणसाच्या दुखण्यावर आपण प्रेम केलं, त्याला शेकलं, बांधलं, चोळलं. त्या दुखण्याच्या दुसऱ्या टोकाला एक सुई आहे आणि ती सुई नसती तर हे घर, हा ओटा, ते हसणं, काहीच नसतं, हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी एक गुडघा मोडला त्याचं हे सगळं फळ. मग त्याच फळाच्या बाजूने उभं राहून दुसऱ्याचा गुडघा वाचवायचा अधिकार आपल्याला कुठून आला? पण सांगायला हवं होतं. दुपारी, तिथेच. सूज आहे म्हणाले मी, ती मनात म्हणाली, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

“मी पट्टी बांधणार नाही,” ती म्हणाली.

“बांधू नकोस,” अन्सेल्मो म्हणाला आणि चिरलेले टोमॅटो तसेच टाकून बाहेर गेला.

शुक्रवारी तिने क्लिनिकमधून ॲन आर्बरला फोन लावला. राजीवदादा मीटिंगमधून उठून आला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “उत्तरा, तू इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस. तो तुझा ऑफिशियल पेशंट आहे का? नाही ना? मग? Anselmo’s your husband, यार. त्याचा जॉब गेला तर तुमचं काय?” ती हो म्हणाली. दादा नेहमीच सरळ बोलायचा आणि त्याचं बोलणं नेहमी त्या क्षणापुरतं पटायचं. तिकडे अजून बर्फ पडतंय असं तो शेवटी म्हणाला. फोन ठेवल्यावर तिने स्वतःचाच उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि दाबून पाहिला. रात्री अन्सेल्मो पलंगाच्या कडेला पाठ करून झोपला होता, किंवा झोपला नव्हता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण हात ठेवला तर ती संमती होईल अशी भीती वाटली, आणि न ठेवलेल्या हाताचं काय करायचं ते तिला सुचेना.

शनिवारी दुपारचा सामना होता. दीपाला प्रतिमाकाकूंकडे सोडून ती रिंकवर गेली. जाणार नाही असं तिने सकाळी ठरवलं होतं. खालच्या बोळात रबराचा, घामाचा आणि गालिच्याच्या गोंदाचा वास कोंदला होता. ट्रीटमेंटच्या खोलीत तादेओ एकटाच बाकावर बसला होता, पाय लांब करून, अंगात स्वच्छ जर्सी. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

“तुम्ही येणार नाही म्हणाले होते कोच.”

ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. स्पॅनिशमधले शब्द तिने गाडीतच जुळवून ठेवले होते, पण आता त्यांतला एकही जागेवर नव्हता. “तादेओ, गुरुवारी मी तुला अर्धंच सांगितलं. आतली दोरी तुटली आहे. सुजेचा प्रश्न नाही. आज खेळलास आणि पाय वळला, तर बाकीचंही जाईल. मग ऑपरेशन करूनही कदाचित पुन्हा खेळता येणार नाही.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे. उत्तराने वळून पाहिलं नाही. दारात अन्सेल्मो आहे हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं.

“खरं आहे, कोच?”

“खरं आहे,” अन्सेल्मो म्हणाला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

वर स्टँडमध्ये लोक पाय आपटायला लागले होते. छतातून ती धडधड खाली झिरपत होती. तादेओने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो आता चिडेल, उत्तराला वाटलं, आता उठेल, आता सगळं संपेल. पण तो म्हणाला, “मग घट्ट बांधा.”

“तादेओ...”

“सेन्योरा, तुम्ही सांगितलंत. तुमचं काम झालं. माझी आई पहिल्यांदा इथे आली आहे, वर बसली आहे. पाय माझा आहे. बांधा.”

तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा अन्सेल्मो पुढे झाला, तिच्या शेजारी जमिनीवर बसला, स्वतःचा तो न वाकणारा गुडघा बाजूला लांब सोडून, आणि पट्टीचं रिळ उचललं. इतकी वर्षं तिने त्याला बांधलं होतं त्यातला प्रत्येक वेढा त्याला पाठ होता. तो हळूहळू बांधत गेला. बांधून झाल्यावर त्याने पट्टीवरून एकदा तळहात फिरवला आणि उठताना उत्तराकडे न बघता बाहेर गेला.

ती वरच्या रांगेत जाऊन बसली. धूर, दिवे, मग खेळ. फुटबॉल फळ्यांवर आदळल्याचा प्रत्येक आवाज तिच्या दातांत घुसत होता. तादेओ बाकावर होता, पाय हलवत, उठून उड्या मारून दाखवत. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा टीम एका गोलने मागे होती. लोक ‘तादेओ, तादेओ’ ओरडायला लागले. काळी शाल घेतलेली एक बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. तादेओने वरचा सदरा काढून फेकला आणि कोचसमोर येऊन उभा राहिला. अन्सेल्मोने त्याच्याकडे पाहिलं. उत्तरा इतक्या लांबून त्याचे डोळे पाहू शकत नव्हती, पण त्याची मान तिला दिसत होती. मान खांद्यांत गेली होती, कुणी मागून मारणार असल्यासारखी. मग त्याने तादेओच्या पलीकडच्या, कधी न खेळवलेल्या एका खेळाडूकडे बोट दाखवलं. तो धावत आत गेला. तादेओ तिथेच उभा होता. तो काहीतरी ओरडला. अन्सेल्मो समोर बघत राहिला. घड्याळ उलटं पळत शून्यावर आलं आणि कर्कश भोंगा वाजला. टीम हरली होती.

माणूस रागाने दुसऱ्याच्या पुढ्यात थुंकतो हे उत्तराने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तादेओ कोचच्या बुटांजवळ थुंकला. “तुम्हाला तुमचा दिवस मिळाला होता!” तो ओरडला, रिंक शांत होत चालली होती म्हणून तिला वरपर्यंत ऐकू आलं. “माझा तुम्ही चोरलात!” इतर खेळाडूंनी त्याला धरून नेलं. अन्सेल्मोने बुटांकडे पाहिलंही नाही. तो कडेची रिकामी बाटली उचलून बाकाखाली सरळ उभी करून ठेवत होता.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. अंधारातून आल्यावर ते अंगावर फेकल्यासारखं वाटलं. गाडी उत्तराने चालवली. बऱ्याच वेळाने अन्सेल्मो म्हणाला, “मला वाटलं होतं, हलकं वाटेल.”

“नाही वाटत?”

“नाही.”

तू माझ्यामुळे केलंस का, हे तिला विचारायचं होतं. की त्याच्या आईला वर बसलेली पाहून? की अगदी शेवटी नुसती भीती वाटली म्हणून? पण जे ऐकून पुढे काहीच करता येणार नाही ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

टीम मेच्या आत संपली. अन्सेल्मोला उन्हाळ्यात एका शाळेच्या मुलींची टीम मिळाली. जूनमध्ये मेक्सिकोत वर्ल्ड कप चालू होता तेव्हा त्याची बहीण ग्वादालाहाराहून फोन करून करून थकली, तो गेला नाही. टीव्हीवरही सामने आवाज बंद करून बघायचा. तादेओचं ऑपरेशन झालं. अन्सेल्मो हॉस्पिटलात गेला तर नर्सने दारातूनच सांगितलं, पेशंटला तुम्हाला भेटायचं नाही. मग सर्जनने तादेओला व्यायामासाठी पाठवलं ते नेमकं उत्तराच्या क्लिनिकमध्ये. ती दुसऱ्या कुणाकडे देऊ शकली असती. तिने दिलं नाही. तो यायचा, टेबलावर पडायचा, दात आवळून तिला पाय वाकवू द्यायचा; आईबद्दल बोलायचा, पावसाबद्दल, गाड्यांबद्दल. कोच हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. आणि घरी अन्सेल्मो, ती गाडीच्या किल्ल्या ठेवते न ठेवते तोच, पाठमोराच विचारायचा, “किती वाकतो?” ती सांगायची: थोडा. अर्धा. अर्ध्याच्या वर. तो मान डोलवायचा. असे महिने गेले. कधीकधी तिला वाटे, आपण दोन घरांच्या मधल्या भिंतीत राहतो आहोत आणि दोन्हीकडचं आपल्याला ऐकू येतं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत, झाडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेल्या एका दिवशी, तादेओ क्लिनिकच्या लांब बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. वळला. पुन्हा धावला. पूर्ण वेगात, वळताना उजव्या पायावर सगळा भार देऊन. उत्तराने त्याला टेबलावर झोपवून नडगी ओढून पाहिली. नडगी टक्कन अडली. त्याला कॅलिफोर्नियात एका टीमने बोलावलं होतं, आठवड्यात निघायचं होतं. त्याने तिचे दोन्ही हात धरले, आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

“सेन्योरा, एक करा. त्यांना सांगू नका.”

“काय?”

“मी बरा झालो म्हणून. त्यांना सांगू नका.” त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो विचार करून बोलत होता, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

रस्ते निसरडे होते. ती सावकाश घरी आली. अन्सेल्मो सिंकपाशी पातेली घासत उभा होता. दीपा टेबलावर चित्र काढत होती. उत्तराने किल्ल्या हातातच ठेवल्या, आवाज होऊ नये म्हणून, पण त्याला कळलं.

“किती वाकतो?”

सांगायचं नाही हे ती सगळ्या रस्ताभर स्वतःला बजावत आली होती. ज्याचा पाय त्याचा शब्द. ती कोट न काढता उभी राहिली. अन्सेल्मोच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, ते तिला आठवेना.

“पूर्ण,” ती म्हणाली. “आज धावला. तुला सांगू नको म्हणाला.”

पातेल्यावरचा हात थांबला. नळ वाहत राहिला. दीपाने वर पाहिलं, “Aai, what happened?” आणि पुन्हा रंगात गुंतली.

“मग तू मला सांगितलं नाहीस,” अन्सेल्मो हळूच म्हणाला. “कळलं ना, उत्तारा? तू मला काहीच सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं,” ती म्हणाली.

त्याने मान डोलवली. मग वाहत्या नळाखाली दोन्ही तळव्यांत पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं, पुन्हा घेतलं, पुन्हा मारलं, इतक्या वेळा की शर्टाची बाही खांद्यापर्यंत भिजली, आणि टॉवेल घेऊन ती मागे उभी राहिली तरी तो वळेना.